पाटीवरचा आकडा कोणासाठी?

‘वेगमर्यादा’ हा काही आपल्या पुरवणीचा विषय नव्हे, असं कुणालाही वाटेल. गाडी, गिअर, मायलेज, टोल ही सगळी पुरुषांच्या गप्पांची खाती! घरात नवी गाडी आली की आपल्या वाट्याला येतं ते तिला ओवाळणं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढणं आणि चाकाखाली लिंबू ठेवणं. पण मैत्रिणींनो, रस्त्याच्या कडेच्या त्या लाल गोलातला आकडा जितका स्टिअरिंगवर बसलेल्याचा, त्याहून जास्त तो कडेने चालणारीचा असतो. आणि आपल्याकडे रस्त्याच्या कडेने चालतं कोण? आपणच की!

आमच्या म्हसळ्याचंच घ्या. सरकारी कागदावर आमचा रस्ता आता ‘राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ’ आहे. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग घोणसे घाट, म्हसळा आणि पुढे थेट दिघी बंदर. पूर्वी हाच रस्ता इतका अरुंद होता की समोरून एसटी आली की जीपवाला बाजू शोधत मागे सरकायचा. आता तो रुंद झाला, गुळगुळीत झाला. चांगलंच झालं, नाही कोण म्हणेल? अडलेली बाळंतीण माणगावच्या दवाखान्यात लवकर पोचते, आंबा वेळेत बाजारात जातो, पाहुणे येतात. पण रस्त्याबरोबर वेगही आला, आणि तो कुणी मागितला होता हे मात्र कुणी विचारलं नाही.

शनिवार-रविवारी दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे धावणाऱ्या गाड्या. इतर दिवशी ट्रक आणि डंपर. आणि त्याच रस्त्याच्या कडेने डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली कोळीण, गवताचा भारा घेतलेली वाडीवरची बाई, पोषण आहाराचं सामान पिशवीत भरून निघालेली अंगणवाडी सेविका, सायकल हातात धरून घोळक्याने चालणाऱ्या हायस्कूलच्या मुली. पदपथ नावाची चीज गावाकडे नसतेच. साइडपट्टी असते, पण पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि मग चालायला उरतो तो रस्ताच. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी एकदा म्हणाली, ‘‘बाय, मागून येणारी गाडी दिसत नाय गो, नुसता वारा लागतो. पाटी सावरू का मीच सावरू?’’

आता आकड्यांकडे वळू. घाबरू नका, शिलाईच्या मापापेक्षा अवघड नाहीत. केंद्र सरकारने २०१८ साली वाहनांच्या कमाल वेगाची नवी अधिसूचना काढली. त्यात आठ प्रवाशांपर्यंतच्या मोटारींना द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर १०० आणि बाकी रस्त्यांवर ७० असे आकडे होते. बसगाड्यांना त्याहून कमी, ट्रकला द्रुतगतीवर ८० आणि साध्या रस्त्यावर ६०, तीनचाकी रिक्षाला ५०. म्हणजे एकाच रस्त्यावर एकाच वेळी चार वाहनांना चार आकडे! तुमच्या पुढच्या रिक्षाला ५० पुरेत आणि मागच्या मोटारीला ७० हवेत. मग ओव्हरटेक होणार नाही तर काय?

पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही वाढीव मर्यादेची अधिसूचना रद्द ठरवली. निमित्त होतं एका दंतवैद्य महिलेच्या अपघात-भरपाईचं. २०१३ च्या अपघातात तिला ९० टक्के अपंगत्व आलं होतं. एका बाईच्या मोडलेल्या आयुष्याकडे बघताना न्यायमूर्तींना थेट देशाच्या वेगाचा प्रश्न पडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तरीही त्यानंतर, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी १२० चीच पाटी लागली.

हे १२०, ७०, ३० म्हणजे नेमकं किती? त्याचं एक बायकी माप मी काढलंय. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. ताशी ३० च्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बरोब्बर एक नऊवारी ओलांडते. ६० ला दोन, १२० ला चार नऊवाऱ्या. समोर बाई दिसली, ‘अरे!’ म्हणेपर्यंत आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत हा एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कुठे ब्रेक लागायला सुरुवात. शिवाय गणित इतकं सरळ नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायचं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका. ३० ने येणारी गाडी जिथे थांबून ड्रायव्हर खिडकीतून ‘‘ओ ताई, बघून चाला!’’ ओरडेल, त्याच जागी ६० ने येणारी गाडी अजून थांबायलाही लागलेली नसते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू सरकारी नोंदीप्रमाणे अतिवेगाच्या खात्यावर होते. एखादा साथीचा रोग इतकी माणसं नेता तर घराघरात लस टोचायला आले असते!

आता गंमत बघा. आपल्या एकट्या रायगड जिल्ह्यात किती तऱ्हेचे आकडे आहेत! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीला १०० आणि बोरघाटात ६०. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर मोटारींना १००, पण पुलावर चढता-उतरताना ४०. द्रुतगतीवर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली. चुकलात की घरी चलान हजर. म्हणजे वळण कुठे, उतार कुठे, उतारावर कुणाला किती, हा सगळा विचार आपल्या सरकारला करता येतो. फक्त तो विचार होतो कुठे? जिथे पायी चालणारं चिटपाखरू नाही तिथे! द्रुतगतीवर आणि अटल सेतूवर पादचाऱ्याला बंदी, दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. आणि जिथे आपण चालतो, पोरं शाळेत जातात, दुकानाची पायरी थेट डांबराला लागते, तिथे ‘सावकाश जा, पुढे गाव आहे’ एवढ्या प्रेमळ विनंतीवर काम भागवलं जातं. ती पाटीही कुठे रानाच्या आड, कुठे नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरखाली.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. ‘सावकाश जा’ ही विनंती. त्रिकोणी पाटी हा इशारा. कायद्याचा हुकूम तो लाल गोलातला आकडा! त्याच्यापलीकडे गेलं तर दंड आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम-जड वाहनाला दोन ते चार हजार. आकडाच नसेल, तर पोलीस बोट कशाकडे दाखवणार?

‘‘मग स्पीडब्रेकर घाला की,’’ असं आपण लगेच म्हणतो. गावातल्या प्रत्येक अपघातानंतर हीच मागणी होते. पण राष्ट्रीय महामार्गावर असे उंच गतिरोधक सहसा घालू देत नाहीत. फार तर खडखड करणाऱ्या पट्ट्या मिळतात. गावातला साधा रस्ता महामार्ग झाला की त्याच्याबरोबर हे हक्काचं टेकाडही जातं. त्याच्या बदल्यात काय मिळालं, हे विचारायचं राहूनच गेलं.

राज्य बदललं की आकडा कसा बदलतो तेही बघण्यासारखं आहे. आपला मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे आताचा ६६ क्रमांकाचा. तो गोव्याला संपत नाही. पनवेलहून निघून कर्नाटक, केरळ करत कन्याकुमारीपर्यंत जातो. २०१८ च्या केंद्राच्या यादीत दुचाकीला चौपदरी महामार्गावर ८० पर्यंत मुभा होती. केरळने १ जुलै २०२३ पासून दुचाकीची कमाल मर्यादा ७० वरून उलट ६० वर आणली. मोटारींना त्यांनी वाढवून दिली हो, सहापदरीवर ११०, पण दुचाकीचे अपघात जास्त म्हणून दुचाकीला आवरलं. तोच रस्ता, तोच क्रमांक, तीच स्कूटी. तिथल्या सरकारने बसून ठरवलं म्हणून आकडा बदलला.

देशाबाहेर गेलं तर याहून चमत्कारिक आकडे सापडतात. एस्टोनिया म्हणून युरोपात एक चिमुकला देश आहे. तिथे कडक हिवाळ्यात समुद्र गोठला की बेटांवर जायला चक्क बर्फावरून रस्ता खुला करतात. तिथला नियम असा की गाडी एक तर ताशी २५ च्या आत चालवा, नाही तर ४० ते ७० च्या दरम्यान. मधल्या वेगाला, २५ ते ४० ला, मनाई! कारण त्या वेगाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि बर्फ तडकू शकतो. आणि सीटबेल्ट लावायचा नाही, कारण बर्फ फुटलाच तर उडी मारता आली पाहिजे. ऐकायला गोष्टीसारखं वाटतं, पण त्या माणसांनी आपल्या पायाखाली काय आहे ते बघून आकडा ठरवला, एवढाच त्यातला मुद्दा.

मला त्याहून आवडला तो फ्रान्सचा नियम. तिथे मोठ्या महामार्गावर कोरड्यात १३०, पण पाऊस असला की ११०. धुक्याने पन्नास मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की सरळ ५०. पावसाचा वेगळा आकडा! आणि हा नियम चार महिने आभाळ फाटणाऱ्या कोकणात नाही! ताम्हिणीत पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा गाडीच्या नाकापुढचं दिसत नाही, दरडीचे दगड रस्त्यावर येऊन पडतात. तिथे एप्रिलच्या उन्हातला आकडा आणि जुलैच्या धुक्यातला आकडा एकच कसा असू शकतो? आपल्या घरात पावसाळ्याची भाजी वेगळी, वाळवण वेगळं, चपला वेगळ्या. रस्त्याचा आकडा तेवढा बारमाही. आणि घाट कोरडा असला म्हणून भीती टळते असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच ताम्हिणीत लग्नाला निघालेली बस उलटली आणि पाच जणांचा जीव गेला.

अमेरिकेत टेक्सासमधल्या एका टोलरस्त्यावर ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर, एवढी मुभा आहे. तिथल्या अभियंत्यांची आकडा ठरवायची एक जुनी पद्धत आहे. मोकळ्या रस्त्यावर शंभरातले पंचाऐंशी ड्रायव्हर ज्या वेगाच्या आत चालवतात, त्याच्या जवळपासचा आकडा पाटीवर लिहायचा. म्हणजे पळणाऱ्यांना विचारून ठरवायचं की किती पळायचं! चालणारीचं मत त्यात कुठेच नाही. आता तिथेही या पद्धतीवर टीका होते. पण आपल्याकडे तरी वेगळं काय चाललंय? ‘रस्ता चांगला आहे तर गाडी पळणारच’ हे वाक्य मी पुतण्याच्या तोंडून ऐकलंय, रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकलंय आणि भर बैठकीत पुढाऱ्याच्या तोंडूनही ऐकलंय. रस्ता चांगला कुणासाठी, हा प्रश्न त्या वाक्यात बसतच नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये स्वीडनमध्ये रस्ता सुरक्षेवर जागतिक परिषद झाली. आपले रस्तेमंत्री नितीन गडकरीही तिथे गेले होते. तिथल्या जाहीरनाम्यात म्हटलंय की जिथे पायी चालणारे आणि वाहनं एकत्र येतात तिथे ३० च्या वर जाऊ नये. वेल्सने सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांना ताशी २० मैल, म्हणजे आपले ३२ किलोमीटर, मर्यादा लावली. लोक खूश झाले असं समजू नका. विरोधातल्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि काही रस्ते मग पुन्हा ३० मैलांवर न्यावे लागले. पण वस्तीत जखमी होणाऱ्यांची संख्या घटली.

तसाच विरोध आपल्याकडेही होईल, आणि तो घरातूनच होईल. दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या माझ्या काही मैत्रिणी घरगुती खानावळ चालवतात, खोल्या भाड्याने देतात. त्या म्हणतील, पर्यटकाला अडवलंत तर तो येणार कशाला? त्यांची काळजी खरी आहे. मोदकाच्या ताटावर त्यांच्या मुलांची कॉलेजं चालली आहेत. पण हिशोब करून बघा. गावातला एक किलोमीटरचा तुकडा ६० ने एका मिनिटात जातो, ३० ने दोन मिनिटांत. माणगाव सोडल्यापासून समुद्रापर्यंत अशी दहा गावं धरली तरी दहा मिनिटं. पुण्या-मुंबईहून चार-पाच तास बसून आलेला माणूस दहा मिनिटांसाठी समुद्र सोडून परत जाईल? शिवाय पर्यटकाची बायको-पोरंही त्याच गाडीत असतात. घाटात तिने हँडल किती घट्ट धरलेलं असतं ते त्याला माहीत नसलं तरी आपल्याला माहीत आहे.

आणि हा वेग अजून वाढणार आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग, जो बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून आपण ऐकत आलो, त्याच्या खाडीपुलांची कामं हाती घेतली गेली आहेत. पूल झाले की आज जेट्टीवर थांबणाऱ्या गाड्याही थेट गावांतून वाहतील. तेव्हा जागं होऊन उपयोग नाही.

मग करायचं काय? मोर्चा काढायलाच हवा असं नाही. मोटार वाहन कायद्याचं ११२ वं कलम राज्य सरकारला आणि त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांना मुभा देतं, की सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा रस्त्या-पुलाचं स्वरूप पाहून एखाद्या ठिकाणी केंद्राच्या आकड्यापेक्षा कमी आकडा ठरवावा आणि तशी पाटी लावावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, आपली अलिबागला. तिच्यापुढे हा विषय गेला पाहिजे. आणि तिथवर न्यायची वाट आपल्या दारातूनच जाते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, अशी आपल्या राज्याच्या कायद्यात तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती वहीत होते. शिपाई घरोघरी सह्या घेऊन जातो आणि आपणही चुलीवरचं दूध बघत सही ठोकतो. यावेळी सही करण्याआधी वही वाचा आणि सभेला जाऊन बसा. म्हसळा शहरातल्या बायकांनी नगर पंचायतीच्या नगरसेविकेला गाठावं. आरक्षणातून निवडून आलेल्या आपल्या बायका असतातच तिथे, त्यांनाही ठोस काम हवंच असतं.

ठराव मोघम नको. ‘वेग कमी करावा’ असं लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं. रस्त्याचा क्रमांक लिहा. किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा. कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत वस्ती आहे ते लिहा. शाळा कोणत्या बाजूला, किती मुली रस्ता ओलांडतात, शाळा भरायची-सुटायची वेळ, एसटीचा थांबा, पाणवठा, बाजाराचा दिवस, सगळं लिहा. यातलं काहीही अभियंत्याच्या नकाशात नसतं, पण तुम्हाला तोंडपाठ असतं. मागणी स्पष्ट करा: एवढ्या तुकड्यात ३०, लाल गोलातला आकडा दोन्ही बाजूंना, गावाच्या अलीकडे खडखड पट्ट्या, आणि घाटात जून ते सप्टेंबर पावसाची वेगळी पाटी. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक तहसीलदारांना, एक पोलीस ठाण्यात आणि एक अलिबागला. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर तारीख घातलेला शिक्का घ्या. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बाकावर बसा. घरची भाकरी त्या दिवशी थोडी उशिरा झाली तरी चालेल.